नकाशावरचे एकोणीस खडक

माघ सरत आला की निवतळीचं आखात शांत होतं. वारा पडतो, लाटा लवतात, पाणी धड निळं नाही नि धड हिरवं नाही. पहाटेच्या पहिल्या प्रहरी ते नुसतं उजळ असतं. सुरूच्या बनामागून सूर्य वर येतो, सोनसळी, सावकाश, कुठं जायची घाईच नसल्यागत. ओली वाळू तांबूस होते. वाळूवरची खेकड्यांची नक्षी दिसू लागते. दूरच्या भूशिराची कड काळीभोर उमटते. अशा वेळी समुद्राकडे पाहावं आणि गप्प बसावं. बोलून त्याची माती करू नये.

त्या उजळ पाण्यावर रोज एक होडी निघे. होडीच्या पुढच्या टोकाशी बसे द्वारका मोंडकर. सावळी, सडसडीत, चाळिशी ओलांडलेली, पदर कमरेला घट्ट खोचलेली. आणि नजर अशी की घारीनं शिकवणी लावावी. मागे सुकाणूपाशी तिचा नवरा बाबल, जो दिवसाकाठी दहा शब्द बोले, त्यातले सहा इंजिनाला उद्देशून. मधल्या फळीवर कॅमेरा मांडीवर घेऊन बसे पुण्याची शाल्मली बर्वे, समुद्रातल्या प्राण्यांची अभ्यासक. द्वारकाच्या तोंडात ते नाव काही मावेना, म्हणून पहिल्याच दिवशी तिची झाली शालूबाय.

तिघं मिळून गादे मोजत. डॉल्फिनला इकडे गादा म्हणतात. राखाडी अंगाचा, मदार आलेल्या पाठीचा, किनाऱ्याची संगत न सोडणारा तो उथळ पाण्याचा रहिवासी. आणि तो मोजायचा म्हणजे का गोठ्यातली गुरं मोजायची? क्षणभर पाठ दिसते, क्षणात बुडते. इथं बुडालेला तिथं वर आला, तर तो तोच की दुसरा, हे कुणी सांगावं?

शालूबायनं ते एकदा जत्रेचं उदाहरण घेऊन समजावलं होतं. जत्रेत पहिल्या दिवशी शंभर जणांच्या कपाळी गुलाल लावायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंभर जणांना गाठायचं, आणि त्यातल्या किती जणांच्या कपाळी गुलाल आहे ते पाहायचं. सगळेच गुलालाचे निघाले तर जत्रा एवढीशीच. दोनचार निघाले तर जत्रा अफाट. द्वारकाला हे एकदम पटलं. गाद्याला गुलाल कोण लावणार, तर समुद्रच लावतो: पाठीवरच्या परावर कुणाला चीर, कुणाला खाच, कुणाला जाळ्याच्या दोरीचा जुना काच. तेवढ्या खुणेवर शालूबाय त्यांना क्रमांक देई आणि द्वारका नावं देई. कोयती. दातेरी. उसवलेली. आणि एक फार तोऱ्यानं चालणारी, तिचं नाव मामलेदारीण.

दोन हिवाळे हे चाललं होतं. नकाशावर आखलेल्या रेषांवरून होडी जाई, द्वारका हात करून दाखवी, शालूबाय कॅमेऱ्याला डोळा लावी. डावीकडे कोयती. उजवीकडे दातेरी. लांब, भूशिराच्या अंगाला, तिघं अनोळखी. पाठी उमटत, पाठी मिटत. कागदावर आकडे चढत. पन्नासाच्या आसपास गादे या पाण्यात असावेत, असा शालूबायचा अंदाज येऊन ठेपला होता.

पण तिचा जीव त्या पन्नासात नव्हता. तिचा जीव अडकला होता एका रकान्यात, जिथं दोन वर्षं नुसतं शून्य होतं. पिल्लं.

गोष्ट साधी होती आणि जीवघेणी होती. आखाताच्या आतल्या अंगानं, नदीच्या मुखाजवळून, पर्यटकांच्या वेगवान बोटींचा रस्ता काढायचा घाट होता. या पाण्यात गादे पिल्लं वाढवतात असं दिसलं, तर बोटी बाहेरून वळसा घालून जातील. नाही दिसलं, तर आतूनच जातील. फाल्गुन उजाडायच्या आत अहवाल द्यायचा होता. शून्य लिहायला मन धजत नव्हतं, आणि शून्यावाचून लिहायला दुसरं काही नव्हतं. म्हातारे गादे, एकटे गादे, मागं कुणी नसलेले गादे. या विचारानं त्या पोरीला जेवण गोड लागेनासं झालं होतं.

पिल्लं? अहो, पिल्लं होती की! द्वारकानं ती डोळे भरून पाहिली होती. आईच्या कुशीला चिकटलेली, शिसवी रंगाची, नव्यानं पोहणारी, श्वास घ्यायला वर येताना सगळं डोकंच बाहेर काढणारी ती वेडी बाळं. पण निवतळीच्या बायकांची एक रीत आहे, आईकडून लेकीला आणि सासूकडून सुनेला आलेली. लेकुरवाळीकडे टक लावून पाहू नये. आणि पदराखालचं पोर कधी, कधी, कधी मोजू नये. मोजलं की दृष्ट लागते. मोजलं की कमी होतं.

म्हणून आईच्या पलीकडे काळंसं टोक दिसलं रे दिसलं, की द्वारका डावा तळवा उभारी आणि मोठ्यानं म्हणे, "खडप आसा, फिरव!" पाण्याखाली खडक आहे म्हटल्यावर कोण वाद घालणार? बाबल सुकाणू वळवी. तो जन्मानं दर्यावर्दी. खडक नाही हे त्याला ठाऊक असे, पण बायको का म्हणते तेही ठाऊक असे. होडी वळे, कॅमेऱ्यात उरे नुसतं ऊन. आणि शालूबाय बिचारी, वहीत इमानानं लिही: इथं खडक.

खोटं बोलतो आहोत असं द्वारकाला एकदाही वाटलं नाही. दिसेल ते सांगायचं, एवढंच तिला सांगितलं होतं. पदराखालचं दिसत असतं का कधी?

आणि तिच्या या रीतीमागं तिचं स्वतःचं एक दुःख होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला मुलगी झाली होती. कस्तुरी. बारशाच्या दिवशी, घर भरलेलं असताना, हरखलेल्या द्वारकानं मांडीवरच्या लेकीची हातापायांची बोटं सगळ्यांदेखत मोजली होती. एक, दोन, तीन, चार. खुदुखुदु हसत, मुके घेत, थेट विसापर्यंत. दोन महिन्यांनी तापानं कस्तुरी गेली. सासू वाईट नव्हती, पण दुःखात माणसाच्या जिभेला हाड राहत नाही. मोजलंस म्हणून गेली, असं ती बोलून गेली. पुढं मुलगा झाला, मोठा झाला, रत्नागिरीच्या कॉलेजात गेला. त्याची बोटं द्वारकानं आजवर मोजली नाहीत. असतील वीसच, नसतील तर त्याचं तो बघेल.

माघातल्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी शालूबाय मोंडकरांच्या पडवीत आली. ऊन माडांच्या झावळ्यांतून गळत होतं. अंगणात सुकत घातलेल्या बांगड्यांवर कावळ्यांचा डोळा होता आणि कावळ्यांवर द्वारकाचा. शालूबायनं नकाशा जमिनीवर पसरला. आतल्या पाण्यात, नदीच्या मुखाजवळ, खारफुटीच्या खाजणाच्या कडेकडेनं, तांबड्या शाईचे बारीक ठिपके होते.

"वैनी, हे तुम्ही सांगितलेले खडक. एकोणीस आहेत. काल मोठी ओहोटी होती, मी मुद्दाम किनाऱ्यानं चालत जाऊन पाहिलं. तिथं नुसती वाळू आहे हो. खडकाचा एक खडा नाही."

द्वारकानं एक कावळा हाकलला, मग तिथं नसलेला दुसरा कावळाही हाकलला.

"माझी वहीच खोटी ठरणार," शालूबाय म्हणाली. तिचा आवाज चिरकला. मग सगळंच बाहेर पडलं: बोटींचा रस्ता, अहवाल, तो रकाना, ते शून्य. "एक पिल्लू दिसलं असतं, वैनी. एखादं तरी. उद्या शेवटची फेरी, आणि परवा मी लिहून देणार की इथं काही वाढत नाही."

द्वारकाच्या हातातली काठी खाली गेली. तिच्या डोळ्यांपुढं गेल्या वर्षीच्या पौषातली ती सकाळ उभी राहिली. वेगात गेलेली एक पांढरी बोट. बोटीमागं उकळलेलं पाणी. आणि नंतर तीन दिवस, देवा, तीन दिवस एक आई आपलं मेलेलं बाळ तोंडानं वर उचलत होती, श्वास घे म्हणत होती, पुन्हा उचलत होती. ती दातेरी होती. द्वारकानं त्याही वेळी तळवा उभारला होता, त्याही वेळी खडकच म्हणाली होती. आणि घरी येऊन चुलीपुढं बसून हमसाहमशी रडली होती.

ज्यांना दृष्टीपासून राखायला तिनं दोन वर्षं जिवाचं रान केलं, त्यांच्याच डोक्यावरून तिच्या मुकेपणानं बोटी जाणार होत्या. हे तिला आता कळलं.

दारात बाबल उभा होता, विडी न पेटवता. "सांग तिका," तो म्हणाला.

"बाय," द्वारका म्हणाली, "ते खडप न्हय गो. ती पोरां."

कावळ्यांनी तेवढ्यात दोन बांगडे लांबवले.

शालूबाय आधी भडकली. भडकणारच, दोन वर्षं रक्त आटवलं होतं तिनं! "एकोणीस वेळा, वैनी? एकोणीस वेळा?" मग द्वारकानं रीत सांगितली. मग कस्तुरीचं सांगितलं, जे तिनं बाहेरच्या माणसाला कधीच सांगितलं नव्हतं. "तू माका पोरांचा कधी इचारलंसच नाय," असंही शेवटी म्हणाली, थोडं रुसून, थोडं लाजून. शालूबाय ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचा राग ओसरला, आणि तिनं द्वारकाचा खरखरीत, मिठानं भेगाळलेला हात आपल्या हातात घेतला.

मग तिची नजर पुन्हा नकाशावर गेली. एकोणीस ठिपके, तारखांसकट, आणि सगळे आतल्या पाण्यात. खोटे खडक म्हणून जे पुसायला ती आली होती, तो गाद्यांच्या पाळणाघराचा पत्ता होता. ती हसू लागली, डोळे पुसू लागली, पुन्हा हसू लागली.

"पण आठवणीवर भागायचं नाही, वैनी. उद्या ती दिसायला हवीत. पिल्लांच्या परावर अजून खूण नसते, फोटोत मला ती ओळखू येत नाहीत. मी आईवर डोळा ठेवीन. तिच्याजवळ किती पिल्लं, ते तुम्ही त्याच क्षणी मोठ्यानं सांगायचं. यंत्रात तुमचा आवाज राहील, वेळेसकट. तुमचा आवाज हाच पुरावा."

मोठ्यानं. द्वारका त्या एका शब्दाशी रात्रभर कूस बदलत राहिली.

दुसरी सकाळ उजाडली ती धुक्यातून. पांढरं, पातळ, दुधाळ धुकं. त्यात माड बुडालेले, बन बुडालेलं, भूशीर बुडालेलं. होडी नदीच्या मुखाशी पोचली तेव्हा बाबलनं इंजिन बंद केलं. पाण्याचा आवाज तेवढा राहिला, फळीला लागून चुळुक, चुळुक. खाजणातून बोय माशांची झुंड उड्या मारत निघाली. एक बगळा उडाला. तास गेला. दुसरा गेला. धुकं विरत विरत उन्हात मिसळलं, पाणी रुपेरी झालं, आणि पाण्यावर कुणीसुद्धा नव्हतं.

शालूबायच्या कपाळावर घाम होता. द्वारकाच्या मनात दोन प्रार्थना एकाच वेळी चालल्या होत्या: येऊ देत, आणि येऊ नकोत.

आणि मग तो श्वास आला. फुस्स! गाद्याचा श्वास आधी ऐकू येतो, मग गादा दिसतो. उजवीकडे पाणी उकललं, कोयतीचा वाकडा पर वर आला, ओला, लखलखता. आणि तिच्या कुशीला, हातभर अंतरावर, एक इवलं काळं डोकं.

कॅमेरा कडकडला. द्वारकानं तोंड उघडलं. आकडा बाहेर येईना. बारशाचं भरलेलं घर. मांडीवरची बोटं. एक, दोन, तीन, चार. तिचा डावा तळवा आपोआप वर जाऊ लागला, आणि तिनं तो उजव्या हातानं धरून खाली दाबला. कोयती बुडाली. बाळ बुडालं. पाणी मिटलं.

"वैनी!" शालूबायचा आवाज रडवेला झाला.

"माझ्यानं नाय होणा गो," द्वारका म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "माझ्या तोंडातसून एक इलो, आणि त्या पोराचा काय झाला तर?"

बाबलनं सुकाणू सोडलं. चालत पुढं आला, होडी डुचमळवत, आणि तिच्या पाठीशी बसला. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला एवढं मोठं वाक्य कधी ऐकवलं नव्हतं. "तू बंदरार पाट्यो मोजतस," तो म्हणाला, "तेव्हा पयल्या पाटीक एक म्हणतस काय?"

नाही. पहिल्या पाटीला एक कुणीच म्हणत नाही. बंदरावर मासळीची पहिली पाटी उतरली, खळ्यात भाताचं पहिलं माप पडलं, की शहाणी माणसं त्याला आकडा लावत नाहीत. ती म्हणतात, लाभ. मग दोन, मग तीन. अशा मोजण्यानं काही कमी होत नाही. असं मोजतात ते वाढावं म्हणून. वीस वर्षं बंदरावर मासळी मोजताना ती हेच करत आली होती, आणि ते इथं आठवायला हा मुखदुर्बळ माणूस लागला.

तिनं नाक पुसलं, पदर सावरला, पदराचं टोक पुन्हा कमरेला खोचलं. पाण्याकडे तोंड केलं.

फुस्स! कोयती पुन्हा वर आली, आता जवळ, आता डावीकडे. बाळ तिच्यासंगं उसळलं, उलटं पडलं, पांढुरकं पोट उन्हाला दाखवून गेलं.

द्वारकानं फळीवर थाप मारली आणि बंदरावरच्या खणखणीत, चार गावांना ऐकू जाणाऱ्या आवाजात ओरडली, "लाभ!"

खाजणातले पक्षी उडाले. पाण्यावरून तो शब्द सरकत गेला. काहीही वाईट झालं नाही. बाळ श्वास घेत राहिलं.

मग उसवलेली आली, खांद्याशी आपलं लेकरू घेऊन. "दोन!" मामलेदारीण आली, तोऱ्यात, आणि तिचं पोरही तस्संच तोऱ्यात. "तीन! अगो बाय, तीन!" दोघी अनोळखी आया आल्या, जोडीनं, दोन काळी डोकी मध्ये घालून. "चार! पाच!" फळीवर थाप पडत होती, आवाज चढत होता, रडणं की हसणं ते कुणालाच कळत नव्हतं. शालूबायचा कॅमेरा थांबत नव्हता. बाबल सुकाणूकडं परत गेला होता आणि तिथं बसून, डोक्यावरची टोपी काढून, डोळ्यांवर दाबत होता.

आणि सगळ्यांच्या मागून, एकटीच, हळूहळू, दातेरी आली.

द्वारका उभी राहिली. होडी कलली, तरी उभी राहिली. दातेरीचा करवतलेला पर सरकत होता, एकटा, एकटा. मग ती जराशी वळली. तिच्या पलीकडून, तिच्या पोटाला घासत, नुकतंच जन्मलेलं, अंगावर आईच्या पोटात पडलेल्या घड्यांच्या रेघा अजून तशाच असलेलं एक लेकरू वर आलं. त्यानं सगळं तोंड पाण्याबाहेर काढलं, श्वास घेतला आणि शिंकल्यासारखं केलं.

"सहा," द्वारका म्हणाली. हा आकडा ती ओरडली नाही. मांडीवरच्या बाळाशी बोलावं इतक्या हळू म्हणाली. पण यंत्रानं तो घेतला, आणि वेळही घेतली.

शालूबायनं वही उघडली. शून्यावर रेघ मारली, शेजारी सहा लिहिलं, आणि खाली रेघ ओढून बेरीज बंद करायला लेखणी टेकवली.

"थांब गो," द्वारका म्हणाली. ती वाकून पाण्यात पाहत होती, डोळ्यांवर तळवा धरून, ओठ अर्धे उघडे ठेवून. खाली, हिरव्या उजेडात, काहीतरी वर वर येत होतं. "इतक्यात बंद करू नको. आजून एक येता हा."

आणि पाणी फुगलं, आणि पाणी उजळलं, आणि पाणी उकललं.